ॲनिमेटेड सायफाय सिरीज अर्ध्यात सोडू नका, आधी हे करून बघा

"कार्टून आहे, लहान मुलांचं असेल" म्हणून बाजूला ठेवलेली सिरीज जबरदस्त निघते, माझ्याबाबतीत २०२३ ची स्कॅव्हेंजर्स रेन अशीच निघाली, म्हणून सांगतोय. पहिलं म्हणजे ट्रेलर बघू नका, सगळा मजा घालवतात. दुसरं, किमान तीन एपिसोड द्या, कारण अशा गोष्टीत पहिला एपिसोड नुसतं जग उभं करण्यात जातो आणि आपल्याला वाटतं काही घडतच नाहीये.

आणि मोबाइल बाजूला ठेवून बघा हां, हे महत्त्वाचं. या सिरीजमध्ये डिमीटर नावाच्या जहाजावरची माणसं वेस्टा ग्रहावर अडकलीयेत, आणि तिथले प्राणी-झाडं एकमेकांवर कशी जगतात ते कुणी बोलून सांगत नाही, नुसतं दाखवतात. लीव्हाय नावाचा रोबो आहे, त्याच्या आत तिथलंच काहीतरी उगवायला लागतं आणि तो हळूहळू बदलत जातो, एक नजर चुकली की ते सुटलंच. मी तो भाग मागे नेऊन दोनदा बघितला.

सबटायटल चालू ठेवा पण डबिंग नको, ओरिजिनल आवाजच ऐका. हेडफोन असतील तर उत्तमच, जंगलाचे बारीक आवाज त्यातच कळतात. एकूण १२ एपिसोड आहेत, एका बैठकीत संपवू नका, रोज दोन पुरे, मधे डोक्यात घोळायला वेळ मिळतो.