ग्रंथालयात प्रवासछायाचित्रांचे प्रदर्शन कसे मांडावे

कलादालनात येणारा माणूस चित्रे पाहायच्या तयारीनेच येतो. ग्रंथालयात येणारा मात्र पुस्तक बदलायला, वर्तमानपत्र चाळायला किंवा परीक्षेचा अभ्यास करायला आलेला असतो. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो वा उपनगरातले दोन खोल्यांचे मुक्तद्वार वाचनालय, हा वाचक सगळीकडे भेटतो आणि माझ्या मते तोच अशा प्रदर्शनाचा सर्वांत मोलाचा प्रेक्षक आहे. म्हणून प्रवासी छायाचित्रकाराचे काम तेथे मांडताना निवडीपासून टांगणीपर्यंतचे निर्णय त्याची सोय पाहून घ्यावेत.

परवानगीचा अर्ज कार्यवाहांच्या नावे करावा आणि त्याची प्रत ग्रंथपालांना द्यावी. तारखा, चित्रांची संख्या, टांगण्याची पद्धत, विक्री होणार की नाही आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, एवढ्या गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. जून ते सप्टेंबर हे महिने शक्यतो टाळावेत, कारण मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, काचेला चिकटतो आणि त्यावर बुरशीही धरते. जागा सकाळी आणि दुपारनंतर अशी दोन्ही वेळा पाहावी. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन ज्या भिंतीवर पडते, तेथे रंगीत प्रिंट लावू नये, कारण त्याचे रंग उडतात.

छायाचित्रकाराकडे हजारो चित्रे असतात आणि त्याला प्रत्येकाशी जोडलेली आठवण असते, त्यामुळे निवड करताना दुसरी नजर हवीच. सर्व प्रवासांतले थोडे थोडे घेण्यापेक्षा एकच प्रदेश, एकच नदी किंवा एकच वाट धरून वीस-पंचवीस चित्रे निवडली, तर येताजाता पाहणाऱ्यालाही त्यांतला धागा सापडतो. चित्रांच्या मूळ फाइलीच मागवाव्यात; व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत छपाईला निरुपयोगी असते. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटसाठी ३०० डीपीआयच्या (इंचामागे ३०० ठिपके) हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ते सहज मिळतात. कागद मॅटच, म्हणजे चकाकी नसलेलाच घ्यावा, कारण वाचनकक्षातल्या ट्यूबलाइट ग्लॉसी कागदात आणि काचेत आरशासारख्या दिसतात.

काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० सालची आहे; अशा वारसा वास्तूत भिंतीला खिळा ठोकण्याचा विचारही करू नये, उभे पॅनेल वापरावेत. दुहेरी चिकटपट्टीवर सनबोर्ड (चित्र चिकटवलेला हलका फोमचा फलक) लावणे स्वस्त पडते, पण दमट हवेत ती रात्रीतून सुटते आणि भिंतीचा रंगही सोलून काढते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे किंवा फेल्टचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते आणि ओल थेट मागच्या पुठ्ठ्यात उतरत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर असावा. देवघेव विभागाच्या रांगेसमोरची भिंत सर्वांत उत्तम, कारण तेथे वाचक थांबलेलाच असतो. अभ्यासिकेत मात्र चित्रे लावू नयेत, पाहणाऱ्यांच्या कुजबुजीचा तेथे त्रासच होतो.

ग्रंथालयातला प्रेक्षक वाचणारा असल्यामुळे चित्राखालच्या ओळींवर सर्वाधिक मेहनत घ्यावी. ‘निसर्गाची किमया’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘की गोंपा (बौद्ध मठ), स्पिती खोरे, हिमाचल प्रदेश. उंची सुमारे ४१०० मीटर. खाली नदीकाठची हिरवी पट्टी वाटाण्याच्या शेतांची आहे’ असे लिहिले, तर वाचक पुन्हा मान वर करून ती पट्टी शोधतो. स्थळ, महिना आणि नजरेतून निसटेल असा एखादा तपशील, एवढे पुरे. अक्षरे चोवीस पॉइंटपेक्षा लहान नसावीत, कारण वाचनालयात ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने येतात. माणसांचे चेहरे जवळून दिसत असतील, तर छायाचित्रकाराने त्यांची संमती घेतली होती का, हे विचारून घ्यावे. प्रवासाचा नकाशा लावायचा असल्यास देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवाव्यात. लडाखसारख्या भागाबाबत इंटरनेटवरचा कोणताही नकाशा उचलणे धोक्याचे आहे.

कलादालनाला जे जमत नाही ते ग्रंथालयाने येथे अवश्य करावे: ग्रंथपालांच्या मदतीने त्याच प्रदेशाची प्रवासवर्णने, इतिहास आणि लोकजीवनावरची पुस्तके कपाटांतून काढून चित्रांजवळच्या टेबलावर मांडावीत आणि ती तेथूनच घरी नेण्याची सोय ठेवावी. एखाद्या संध्याकाळी छायाचित्रकाराला बोलवावे, पण भाषणापेक्षा त्याने वाचकांबरोबर चित्रासमोरून चालत जाऊन बोलणे अधिक रंगते.

समारोपानंतर छायाचित्रकाराने एखादे चित्र ग्रंथालयाला भेट दिले, तरी त्यावरचा स्वामित्वहक्क आपोआप ग्रंथालयाकडे येत नाही. ते स्मरणिकेत किंवा दिनदर्शिकेत छापायचे असल्यास तशी लेखी परवानगी त्याच वेळी घ्यावी, चित्राची नोंद दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात नव्याने आलेल्या गोष्टींच्या वहीत करावी आणि स्थळ, वर्ष व छायाचित्रकाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी फ्रेमच्या मागे लावावी.