पर्जन्यमापक, पालकांचा गट आणि वर्ग : समाजमाध्यमातून शिकवण्याची एक पद्धत

बहुतेक शाळांमध्ये प्रत्येक वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप गट असतो आणि त्यावर सुट्टीच्या सूचना, गृहपाठ व सणांच्या शुभेच्छा येत राहतात. अध्यापनाचे साधन म्हणून मात्र हा गट क्वचितच वापरला जातो. माझ्या मते समाजमाध्यमाची खरी उपयुक्तता एकाच कामात आहे: मुलांनी घराभोवती जे पाहिले, मोजले, ऐकले, ते दुसऱ्या दिवशी फळ्यापर्यंत आणण्यात. धड्याची छायाचित्रे गटावर टाकणे म्हणजे अध्यापन नव्हे. सातवी-आठवीच्या वर्गाने पावसाळ्यात करावयाची पावसाची नोंद हे उदाहरण घेऊन ही पद्धत येथे सांगत आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग माध्यम

वर्गात एकच प्रश्न मांडावा: आपल्या गावठाणात आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर सारखाच पाऊस पडतो का? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडत नाही आणि एकट्या मुलाला ते काढताही येत नाही. अनेक ठिकाणच्या नोंदी रोज एकत्र याव्या लागतात, म्हणूनच येथे गटाची गरज आहे. प्रश्न असा नसेल, तर समाजमाध्यम वापरण्याचे कारणच उरत नाही.

संमती आणि खासगीपणा

व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. सातवीतील बरीच मुले त्याहून लहान असतात, त्यामुळे खाते पालकांचेच असावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. म्हणून पालकसभेत उपक्रम समजावून सांगून लेखी संमती घ्यावी. गटातील प्रत्येकाला इतरांचे क्रमांक दिसतात, हे सभेत स्पष्ट सांगावे. आईचा क्रमांक चाळीस घरांत जावा हे ज्या कुटुंबाला नको असेल, त्याला कारण विचारू नये आणि त्या मुलाची नोंद वहीतून घ्यावी. मुख्याध्यापकांना दुसरे ॲडमिन करावे. शिक्षकाने मुलांशी स्वतंत्र संदेशांतून बोलणे टाळावे, कारण गटावर सर्वांसमोर झालेले बोलणे मुलांच्या आणि शिक्षकाच्याही हिताचे असते.

मोजमाप आणि छायाचित्र

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरच्या भागात कापावी आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो. त्यामुळे तळाशी खडे घालून थोडे पाणी भरावे, त्या पाण्याच्या पातळीवर शून्य येईल अशी पट्टी बाहेरून चिकटवावी आणि रोजच्या नोंदीनंतर पाणी पुन्हा शून्यावर आणावे. बाटली मोकळ्या जागेत ठेवावी. वळचणीखाली ठेवली तर पन्हाळीचे पाणी मोजले जाईल आणि झाडाखाली ठेवली तर पाऊस अडेल. भारतीय हवामान विभाग २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतो, म्हणून मुलांनीही तीच वेळ पाळावी, म्हणजे पुढे तुलना करता येते.

छायाचित्र घेताना फोन पाण्याच्या पातळीसमोर धरावा. वरून घेतलेल्या छायाचित्रात आकडा चुकीचा दिसतो. चित्रात पट्टी आणि पाणी एवढेच असावे. मुलांचे चेहरे किंवा घर नसावे. सोबत एकच ओळ लिहावी: वस्तीचे नाव, दिनांक, मिलिमीटर.

गटाची शिस्त

‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सेटिंग एरवी सुरू ठेवावी आणि सकाळी साडेआठ ते साडेनऊ एवढाच वेळ गट सर्वांसाठी खुला करावा. या एका तासाच्या शिस्तीमुळे नोंदी सुप्रभातच्या फुलांखाली गाडल्या जात नाहीत. चुकलेला आकडा गटावर दुरुस्त करू नये. सेंटिमीटरचा आकडा मिलिमीटर म्हणून लिहिणे ही नेहमीची चूक आहे; ते छायाचित्र वर्गात नाव न घेता दाखवले, तर एककांचा पाठ तेथेच होतो.

ज्या घरी फोन नाही

या प्रश्नाचा विचार सुरुवातीलाच झाला पाहिजे. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. म्हणून नोंद मुलानिहाय न मागता वस्तीनिहाय मागावी: एका वस्तीतील तीन-चार मुलांचे पथक, एक बाटली, एक फोन. मोजणारा आणि पाठवणारा दर आठवड्याला बदलावा. वहीतील नोंदीला गटावरील नोंदीइतकेच मोल द्यावे आणि गटावरील सहभागाला वेगळे गुण ठेवू नयेत, नाहीतर फोन असलेल्या घराला गुण मिळतील.

वर्गातील काम

रोज दहा मिनिटे फळ्यावर तक्ता भरावा आणि शनिवारी स्तंभालेख काढावा. हवामान विभागाच्या लेखी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडलेला दिवस हा ‘पावसाचा दिवस’ असतो. असे दिवस प्रत्येक वस्तीत किती आले, हे मुलांनी मोजावे. डोंगराच्या कुशीतली वस्ती आणि माळावरची वस्ती यांच्या आकड्यांत फरक दिसू लागला, की मुले स्वतःहून कारणे विचारतात.

याच काळात ‘ढगफुटी होणार, सर्वांना पाठवा’ असे संदेश फिरतात. त्यातील एक वर्गात वाचावा. दिनांक आहे का, कोणत्या जिल्ह्याबद्दल आहे, मूळ कोणाचा आहे, अनेकदा पुढे पाठवल्याची दुहेरी बाणाची खूण त्यावर आहे का, हे मुलांना तपासू द्यावे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाभरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे ढगफुटी. स्वतः बाटलीत दिवसभराचे १५ मिलिमीटर मोजलेल्या मुलाला या आकड्याचा अर्थ लगेच कळतो. मग हवामान विभागाच्या अधिकृत पानावरील त्या दिवसाचा इशारा पिवळा, नारिंगी की लाल, हे पाहून वर्गाने दोन ओळींचे उत्तर तयार करावे आणि शिक्षकाने ते पालकांच्या गटावर टाकावे.

बाटली बनवण्याची कृती यूट्यूबवर ठेवायची असल्यास चित्रफीत ‘अनलिस्टेड’ करावी, म्हणजे दुवा मिळालेल्यांनाच ती दिसते.

पावसाळा संपल्यावर सर्व वस्त्यांचा एकत्रित तक्ता मुलांनी वहीत उतरवून घ्यावा, त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि गटावरील छायाचित्रे पुसून टाकावीत. पुढच्या वर्षीच्या सातवीला तुलनेसाठी हाच तक्ता लागेल.