सर्सी कशी वाचायची: वंडर वुमनच्या चेटकिणीशी नीट ओळख

वंडर वुमन कॉमिक्समधली तिची वैरीण सर्सी, हिच्याबद्दल कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "ती ना, डुक्कर बनवणारी". झालं, विषय संपला. माझंही तसंच होतं, कारण मी तिला पहिल्यांदा बघितलं ते जस्टिस लीग अनलिमिटेड कार्टूनमधे, 2004 चा तो एपिसोड ज्यात ती डायनाला, म्हणजे वंडर वुमनला, डुकराचं पिल्लू करून टाकते आणि तिला सोडवायची किंमत म्हणून बॅटमन चक्क स्टेजवर उभा राहून गाणं म्हणतो. धमाल आहे तो, अजूनही मूड गेला की लावतो. पण त्यामुळे झालं काय, पुढची कितीतरी वर्षं मी तिला विनोदी पात्रच धरून चाललो आणि कॉमिक्समधे ती आली की पानं भराभर उलटायचो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कॉमिक्सपासून करू नका. ऐकायला उलटं वाटेल पण आधी होमरच्या ओडिसीचा दहावा भाग वाचा, फक्त दहावा, सगळं महाकाव्य संपवायची गरज नाही, एका बैठकीत होतो. कुठलाही साधा गद्य अनुवाद चालेल. आणि हो, ग्रीकमधे ती किर्के, सर्सी हा इंग्रजी उच्चार, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका, बाई एकच आहे. सूर्यदेव हेलिऑसची मुलगी, आयाया बेटावर राहते, घराभोवती लांडगे आणि सिंह पाळलेल्या कुत्र्यांसारखे शेपट्या हलवत फिरतात.

आता इथे घाई करू नका. या महाकाव्याचा नायक, समुद्रमार्गे घरी निघालेला ओडिसियस, त्याची बावीस माणसं त्याचा साथीदार युरिलोकससोबत तिच्या दारात येतात तेव्हा ती आत मागावर विणत गात असते. ती त्यांना बोलावते, बसवते, चीज, सातूचं पीठ, मध आणि वाईन कालवून देते, त्यातच तिचं औषध असतं, मग छडी मारते आणि सगळे डुक्कर. युरिलोकसला शंका आलेली असते म्हणून तो बाहेरच थांबतो, एकटा तोच वाचतो. पण पुढचं एक वाक्य लोक वाचूनही विसरतात: डोकं, आवाज, केस सगळं डुकराचं, पण मन मात्र पहिल्यासारखंच. म्हणजे ती माणसं खुराड्यात रडतायत, आपण कोण आहोत हे त्यांना पक्कं माहितीये, आणि समोर पडलेत ओकची फळं. हे एकदा डोक्यात बसलं ना की डुक्कर बनवणं हा जोक राहत नाही.

अजून एक. होमर तिला ज्या शब्दाने ओळखतो त्याचा अर्थ साधारण "पुष्कळ औषधी जाणणारी", आणि त्यातला औषधवाला शब्द म्हणजे आपण रोज फार्मसी म्हणतो त्याचंच मूळ. ती नुसती मंत्र पुटपुटणारी नाही, जडीबुटीवाली आहे. म्हणूनच तिच्यावर उतारासुद्धा वनस्पतीचाच, देवांचा दूत हर्मीस याने ओडिसियसला दिलेली मोली, काळं मूळ आणि दुधासारखं पांढरं फूल.

आणि मग गंमत बघा, मोलीमुळे ओडिसियसवर जादू चालत नाही आणि हरल्यावर ती माणसांना परत माणूस करते तर आधीपेक्षा तरुण आणि देखणी करते. ओडिसियस तिच्याकडे वर्षभर राहतो, खातोपितो, घर विसरतो, शेवटी बरोबरचे लोकच म्हणतात आता निघायचं बघा. मला इथे दर वेळी स्त्रीराज्यात रमलेले मच्छिंद्रनाथ आणि मृदंगातून "चलो मच्छिंदर गोरख आया" वाजवणारा गोरक्ष आठवतो. तर निघताना सर्सी अडवत नाही, उलट पुढे, बाराव्या भागात, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन्स कुठे, माणसं खाणारी सिला राक्षसीण कुठे, काय टाळायचं सगळं सांगते. वैरीण आणि वाटाड्या एकच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आता कॉमिक्स. 1949 च्या वंडर वुमन 37 मधली सोनेरी केसांची सर्सी वेळ असेल तर बघा, नाही बघितली तरी अडत नाही. खरी सुरुवात लेखक-चित्रकार जॉर्ज पेरेझपासून. 1987 ला त्याने वंडर वुमन नव्याने सुरू केली आणि 1988 मधे, 17 ते 19 या अंकांत, जांभळ्या केसांची सर्सी आणली. ऑम्निबसमधे, म्हणजे जाडजूड संग्रहात, हे अंक एकत्र मिळतात, म्हणजे वीटच असते ती, पण वाचा. पेरेझ एका पानात एवढं भरतो की मजकूर आधी वाचून घ्या आणि मग फक्त चित्रांसाठी परत पहिल्या पानावर जा, मी तरी तसंच करतो.

पेरेझने तिला वैराचं कारण फार भारी दिलं. तिची शक्ती जादूची ग्रीक देवी हेकाटी हिच्याकडून आलेली, आणि सोबत एक भाकीत आलंय की हेकाटी एक दिवस आपला आत्मा परत घेणार. आता डायना हे नाव चंद्रदेवीचं, हेकाटीशी जोडलेलं, त्यामुळे सर्सीच्या डोक्यात बसतं की ही पोरगीच माझा शेवट. म्हणजे डायनाने तिचं काहीही वाकडं केलेलं नाही, फक्त नाव चुकीचं घेऊन जन्माला आली. ती दुष्ट आहेच, पण घाबरलेली आहे हे विसरलात तर तिचे सगळे डायलॉग नुसते आरडाओरडा वाटतील.

1991 चा वॉर ऑफ द गॉड्स हा मोठा इव्हेंट, चार अंक आणि वर बाकीच्या सिरीजमधे पसरलेला पसारा, खरं सांगायचं तर मला डोकेदुखी वाटतो, देवच देव, कोण कोणाशी लढतंय कळत नाही. पण एका गोष्टीसाठी चाळाच: सर्सी तिथे डायनाला परत माती करते. डायना मातीतून घडवलेली होती ना, म्हणून. जनावर बनवणं हे साध्या लोकांसाठी, डायनाला मात्र ती मुळातूनच पुसायला बघते.

मग माझा सगळ्यात आवडता भाग, नव्वदच्या दशकातली डोना मिल्टन, विल्यम मेस्नर-लोब्जने लिहिलेली. ही डोना वकील आहे, गरोदर आहे, डायनाच्या आयुष्यात येते आणि दोघींची मैत्री होते. डोना म्हणजे सर्सीच, डायनाला संपवायला वेष बदलून आलेली, पण वेष इतका पक्का केला की आपण सर्सी आहोत हे ती स्वतःच विसरली आणि मैत्री खरी झाली. पोटातलं मूल युद्धदेव एरीसचं, मुलगी, लायटा. सगळ्या जगाचं रूप बदलणारी बाई स्वतःवर तेच करून बसते, आणि फरक एवढाच की ओडिसियसच्या माणसांचं मन शाबूत होतं, हिचं तेच गेलं. चित्रं त्या काळच्या फॅशनची आहेत, अंगविक्षेप जास्त, कपडे कमी, त्याकडे जरा कानाडोळा करा.

यानंतर 2001 चे फिल जिमेनेझचे वंडर वुमन 174 आणि 175, दोनच अंक. डायनाची आई हिपोलिटा नुकतीच गेलेली, आणि सर्सी न्यूयॉर्कमधे पुरुष हिरोंना जनावरं करून सोडते, खलनायिका शिकारीला, नायिका वाचवायला. गर्दी प्रचंड आहे, सगळी ओळखायच्या नादी लागू नका. जिमेनेझ पेरेझचा पक्का चाहता, ते पानापानात दिसतं.

एक गोंधळ मात्र टाळा, मार्वलची सर्सी वेगळी, ती 1976 मधे जॅक कर्बीने आणलेली एटर्नल, म्हणजे मार्वलमधल्या अमर वंशातली, नाव याच किर्केवरून पण तिकडे ती हिरोंच्या बाजूची.

हे सगळं झालं की पेरेझचे ते 17 ते 19 परत काढा आणि या वेळी सर्सी डायनाशी बोलताना ज्या पॅनेलमधे आहे तिथे थांबा. डोना माहिती असली की ती पानं पहिल्यासारखी वाचताच येत नाहीत.