मुलाकडे परदेशी गेलात, तर जपानी प्रदर्शन असं बघा

सोलापुरातले आई-वडील मुलाकडे लंडन-अमेरिकेला गेले की सुरुवातीचे दिवस मॉल, बागा आणि स्वामीनारायण मंदिरात जातात. मग पोरं कामाला, आणि आपण खिडकीत. त्या दिवसांसाठी हे लिहितोय. माझी हयात जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, ग्राफवर चौकोन भरण्यात गेली, समीक्षा-बिमीक्षा मला येत नाही. पण जुन्या रंगांवर, जुन्या मागावर उभी असलेली आजची जपानी कला बघायला तिची गरजही नाही. वस्तू बनली कशी, हे बघत गेलं की बरंच काही हाती लागतं. अन् ती नजर आपल्या सोलापुरी विणकरांच्या साखर पेठेत, अशोक चौकात घरोघरी आहे.

लंडनमध्ये असाल तर केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर जपान हाऊस आहे, जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ मध्ये उघडलेलं. तिथली प्रदर्शनं फुकट असतात. ब्रिटिश म्युझियमची जपानी दालनं आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं तोशिबा दालन, दोन्हीकडे आजच्या कलाकारांची कामंही ठेवलेली दिसतात, आणि तिकीट नाही. न्यूयॉर्कला जपान सोसायटी आहे. निघण्याआधी तयारी करायची असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला उतरा आणि शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं टाटांनी दिलेलं जपानी सामान बघून घ्या.

कामाच्या दिवशी सकाळी जा. स्वेटर असू द्या. घडीचं स्टूल मिळतं का ते दारातच विचारा, गुडघ्यांचा प्रश्न मिटतो. आत अंधार वाटेल, बऱ्याचदा जेमतेम ५० लक्स प्रकाश ठेवतात, कारण कागद आणि रेशमाचे रंग उजेडाने उडतात. डोळे सरावल्याशिवाय पुढे सरकू नका.

पाटी खालून वर वाचायची. कलाकाराचं नाव आणि चार ओळींचं तत्त्वज्ञान नंतर. आधी शोधा ती सामानाची ओळ, कशावर आणि कशाने.

त्या ओळीत खनिज रंग, सरस, कागद किंवा रेशीम असं दिसलं तर ते बहुधा निहोंगा या पारंपरिक जपानी शैलीचं चित्र. निळा रंग अझुराइट दगडाचा, हिरवा मॅलाकाइटचा, पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा. गंमत दाण्यात आहे. तोच निळा दगड जाड दळला की गडद, बारीक दळला की फिका. म्हणजे छटा पाणी घालून नाही, चाळणीवर ठरते. म्हणून समोर उभं राहून भागत नाही. बाजूला सरका, भिंतीला खांदा लागेल इतके, आणि तिरपं बघा. जाड दाणा चमकतो. ताकाशी मुराकामी या आजच्या चित्रकाराची हसरी फुलं बघून लोक कार्टून म्हणतात, पण त्याने तोक्योच्या कला विद्यापीठातून याच निहोंगात डॉक्टरेट केली आहे. फुलं हसतात, पण पृष्ठभाग किती सपाट ठेवलाय ते बघा.

लाखकामाला माझ्याकडून एकच सूचना: ती लाख किड्याची नाही, झाडाच्या चिकाची. आणि ती सुकून नाही, दमट हवेत घट्ट होते. सोलापूरच्या मे महिन्यात कारागिराने हात टेकले असते. ओल्या लाखेवर सोन्याची भुकटी शिंपडतात, तेव्हा काळ्या भागात शिरणाऱ्या सोन्याच्या कडा विरळ होत जातात का, तेवढं बघा.

आता कापड. इथे निवांत थांबा, हा आपला प्रांत.

नक्षीची कड पिसासारखी विस्कटलेली दिसली तर ते कासुरी, म्हणजे विणण्याआधी धागा बांधून रंगवलेला. तेलंगणातल्या इकतवाल्या पोचमपल्लीचे पाहुणे घरात येणाऱ्यांना हे सांगायला नको. रंग बदलतो तिथे उभी बारीक फट दिसली तर ते त्सुझुरे. हे विणणारे नखांना करवतीसारखे दाते पाडतात आणि त्या नखांनी आडवा धागा ठोकतात. क्योतोच्या निशिजिन या विणकर वस्तीतल्या सोनेरी कापडात बऱ्याचदा जर नसते. कागदावर लाखेने सोन्याचा वर्ख चिकटवतात, त्याच्या धाग्याएवढ्या बारीक पट्ट्या कापतात आणि आडव्या धाग्याच्या जागी एकेक पट्टी भरतात. क्रम चुकला की नक्षी मोडली.

राजधानी तोक्योला गेली तेव्हा निशिजिनचं दरबारी गिऱ्हाईक तुटलं. मग क्योतोने १८७२ मध्ये विणकर फ्रान्सच्या लियोंला पाठवले आणि तिथून जकार्ड आणलं. होय, आपल्या चादरीवर मोर काढणारं तेच यंत्र. आज होसोओ हे तिथलं जुनं घराणं १५० सेंटिमीटर पन्ह्याच्या मागावर भिंतींसाठी आणि कलादालनांसाठी कापड विणतं. ओबीचा, म्हणजे किमोनोवरच्या पट्ट्याचा, पन्हा जेमतेम ३० सेंटिमीटर. पन्हा वाढवला अन् बाजार बदलला. आपल्याकडे टॉवेलवाल्यांनी हे कापड जरूर बघावं.

चादर उलटी करून बघायची आपली खोड तिथे चालत नाही, हात लावला की गार्ड येतो. मी कमरेत वाकून खालची किनार बघत होतो तर तो खरंच आला. कापड अधांतरी टांगलेलं असेल तर मागून चक्कर मारा. धागे मागे मोकळे सोडलेत की विणून लपवलेत, ते तिथे दिसतं.

यामागुची अकिराची चित्रं दिसली तर छपरं शोधा. जुन्या पडद्यांवरच्या पद्धतीने तो छत काढून वरून आतलं दाखवतो, मधे सोनेरी ढग, आणि खाली सामुराई नि मोटारी एकाच रस्त्यावर. तानाबे चिकुउनसाई चौथे यांचं बांबूकाम असेल तर जवळ बसाच. प्रदर्शन संपलं की ते विणकाम उसवतात आणि त्याच पट्ट्या पुढच्या ठिकाणी वापरतात. पट्ट्यांवर आधीच्या विणीचे वाक दिसतात का बघा.

कुणी कारागीर प्रात्यक्षिक देत असेल तर मुलाला दुभाषा करा. सामान कुठून येतं, दिवसाला किती बोटं काम होतं, एवढं आधी विचारा. 'पुढे पोरं करणार का?' हे शेवटी. त्यावर बोलणं लांबतं आणि मुलगा घड्याळ बघायला लागतो.