कमांड एडिटरमधून चालत नाही? आधी ती कुठे धावली ते बघा

टर्मिनलमध्ये गुमान चालणारी कमांड एडिटरमधून दिली की रुसते, आणि आपण कमांडच उलटसुलट करून बघत बसतो. खोट बहुतेक वेळा तिच्यात नसतेच.

ज्या बफरमधून (एडिटरमध्ये उघडलेल्या मजकुरातून) कमांड फसली, तिथूनच आधी 'होस्टनेम' आणि मग 'पीडब्ल्यूडी' चालवा. पहिली मशीनचं नाव सांगते, दुसरी चालू फोल्डर. एमॅक्स या एडिटरमध्ये प्रत्येक बफरची स्वतःची 'डिफॉल्ट-डिरेक्टरी', म्हणजे कमांड जिथे धावते ते फोल्डर, असते. ट्रॅम्पने (दूरच्या फाइल उघडणाऱ्या एमॅक्सच्या सोयीने) सर्व्हरवरची फाइल उघडली असेल, तर शेल कमांडही त्या सर्व्हरवरच धावते. विम या दुसऱ्या एडिटरचं उलटं. त्यातलं नेटआरडब्ल्यू हे प्लगइन दूरच्या फाइलची तात्पुरती प्रत इथे आणतं, पण उद्गारचिन्हाने दिलेली कमांड तुमच्याच मशीनवर चालते.

मग ते फोल्डर अजून जागेवर आहे का, ते बघा. एकदा गिटची ब्रँच बदलल्यावर फोल्डरच उडालं, बफर मात्र उघडाच राहिला. एमॅक्स सांगत होता, 'सेटिंग करंट डिरेक्टरी: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. मी पहिले तीन शब्द न वाचता तासभर प्रोग्रॅम शोधत होतो!

फोल्डर शाबूत असेल तर एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मिळणारा आकडा, बघा. १२६ म्हणजे फाइल सापडली, पण चालवता आली नाही. बहुधा परवानगी नसते. १२७ म्हणजे शेलला कमांड सापडलीच नाही, आणि तेव्हा संशय 'पाथ'वर, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्या यादीवर, घ्यायचा. मॅकवर आयकॉनवरून उघडलेला एडिटर तुमची झेडएसएचआरसी (झेडएसएच या शेलची सेटिंग फाइल) वाचत नाही, त्यामुळे त्याचा पाथ तोकडा असतो. ट्रॅम्पही सर्व्हरवरचा तुमचा पाथ आपणहून घेत नाही, 'ट्रॅम्प-रिमोट-पाथ'मधली यादी वापरतो. त्या यादीत 'ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ' (सर्व्हरवरचा तुमचा स्वतःचा पाथ) घाला आणि जुन्या जोडण्या तोडायला 'ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स' चालवा. हे दुसरं विसरलात तर जुनाच पाथ वापरला जातो आणि बदल लागूच झाला नाही असं वाटतं.

कमांड चुकत नाही, नुसतीच लटकते? मग सर्व्हरवरचा नटवा प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारा मजकूर) तपासा. रंग आणि चिन्हांच्या गर्दीत ट्रॅम्पला प्रॉम्प्ट ओळखताच येत नाही. 'टर्म'ची (टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या सेटिंगची) किंमत 'डंब' असेल तेव्हा साधा प्रॉम्प्ट ठेवा, अशी अट तिथल्या झेडएसएचआरसीत घाला.

तरीही उलगडा होत नसेल तर 'ट्रॅम्प-व्हर्बोज' (ट्रॅम्पने किती तपशील नोंदवायचा ते ठरवणारी सेटिंग) ३ वरून ६ वर न्या आणि डीबग बफर शेवटाकडून वाचा. काम झालं की परत ३ करा, नाहीतर सगळंच रेंगाळतं.

फसणारी कमांड तुम्हीच एमॅक्सच्या लिस्प भाषेत लिहिलेल्या फंक्शनमधली असेल, तर त्यात 'कॉल-प्रोसेस' आहे का बघा. ते कायम इथल्याच मशीनवर धावतं. सर्व्हरवर जायचं तर 'प्रोसेस-फाइल' हवं.