मुरगावच्या पाण्यात परके जीव उतरू नयेत यासाठी जहाज आणि बार्ज चालविणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

रिकामे जहाज तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी, म्हणजे बॅलास्ट, भरून निघते आणि माल चढू लागला की ते बाहेर सोडते. खनिज न्यायला येणारे जहाज गोव्यातील मुरगाव बंदरात रिकामे येत असल्यामुळे परक्या बंदराचे पाणी, त्यातल्या शिंपल्या-खेकड्यांच्या अळ्यांसह, आपल्याकडे उतरते. कोळसा आणणारे जहाज मात्र इथले पाणी पुढच्या बंदराला नेते. आपले जहाज यांपैकी कोणते, हे आधी ठरवावे.

बॅलास्टविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये मंजूर झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत, म्हणून जहाजांवर प्रक्रियायंत्रे आली. यंत्रे बहुधा पाणी आधी गाळतात, मग अतिनील किरणांनी किंवा खाऱ्या पाण्यातून विजेने तयार केलेल्या क्लोरीनने जीव मारतात. गोव्यात अडचण पावसाळ्यात येते. बंदराजवळच्या जुवारी नदीचे पाणी तेव्हा गढूळ आणि अळणी होते. गढूळपणात किरण शिरत नाहीत, आणि मीठच नसेल तर क्लोरीन पुरेसा तयार होत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबरात नदीमुखाशी सुरक्षिततेला लागेल तेवढेच पाणी घ्यावे, क्लोरीनचे यंत्र असल्यास एका टाकीत खारे पाणी आधीच राखून ठेवावे आणि गाळणी वेळेवर उलट धुवावी. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, रात्री वर येतात, म्हणून शक्यतो दिवसा पाणी घ्यावे. जहाजाच्या पंख्याने चिखल ढवळला जातो अशी उथळ जागा आणि सांडपाण्याचे तोंड टाळावे. यंत्र बंद पडले तर गुपचूप बगल देऊन पाणी घेऊ नये. नोंदवहीत लिहावे, बंदराला कळवावे आणि पर्याय म्हणून खोल समुद्रात पाणी बदलण्याची परवानगी मागावी. त्यासाठी जागा शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर आणि २०० मीटर खोल असावी, आणि पाणी वाहते ठेवून बदलायचे तर टाकीच्या तिप्पट पाणी पंपाने आत सोडावे.

बॅलास्टची चर्चा खूप होते, जहाजाच्या बुडाची फार थोडी. वास्तविक शिंपले बुडाला चिकटूनही समुद्र ओलांडतात. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकते तेवढ्या पट्ट्यांना जीव चिकटू न देणारा रंग लागत नाही; पुढच्या वेळी ठोकळे सरकवून घ्यावेत. सी-चेस्टच्या (बुडातील पाणी आत घेण्याच्या कप्प्याच्या) जाळ्या, सुकाण्याची खाच, पंख्याचा दांडा आणि नांगराची साखळी स्वतंत्रपणे पाहावी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर महिनोन्‌महिने नांगरून पडलेल्या बार्जी (नदीतून खनिज वाहणाऱ्या सपाट बुडाच्या नौका) ज्यांनी पाहिल्या, त्यांना उभ्या बुडावर किती थर चढतो हे सांगायला नको. परदेशी जहाजाच्या कडेला लागलेली बार्ज मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालव्यात फिरते, म्हणजे बाहेरून आलेल्या जिवाला आतपर्यंत पोचवू शकते. बूड पाण्यात खरवडू नये. बार्ज स्लिपवेवर, म्हणजे काठावरच्या उतारावर, ओढून घ्यावी आणि खरवड भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला गोळा करून जमिनीवरच विल्हेवाट लावावी. ती झाडून पुन्हा नदीत लोटण्याची सवय सोडावी. धोका खरा आहे: जुवारीतल्या चिखलीच्या उपसागरात, ज्यांच्या पापुद्र्यांनी जुन्या घरांच्या खिडक्या मढवल्या जात ते शिंपले अजून आहेत, आणि केरळमधील अष्टमुडीत अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरून आलेल्या शिंपल्याने स्थानिक शिंपल्यांच्या जागा बळकावल्या आहेत.

१९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे काळ्या पट्ट्यांचा शिंपला लवकर सापडला आणि दरवाजे लावून पाणी अडवता येणाऱ्या धक्क्यात क्लोरीन व तांब्याचे क्षार घालून तो नाहीसा करता आला. जुवारीत तसे पाणी अडवता येणार नाही, म्हणून इथे नजर महत्त्वाची. धक्क्यावर खडबडीत फळी पाण्यात टांगावी आणि दर महिन्याला वर काढून पाहावी. अनोळखी शिंपला दिसल्यास शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, तो परत पाण्यात टाकू नये, तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा (फेणीत तेवढी ताकद नसते), बाटलीवर तारीख, जागा आणि बार्जेचे नाव लिहावे आणि दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे पोचवावा.