उन्हात उभ्या गाडीत लिपो, ट्रान्समीटर, गॉगल कसे वाचवायचे

सकाळी साडेपाचला रिमोटवर उडणारं छोटं विमान घेऊन ग्राउंडवर, आठपर्यंत दोनचार फ्लाइट, तिथूनच सरळ ऑफिस, आणि विमान, ट्रान्समीटर म्हणजे हातातला रिमोट, बॅटऱ्या सगळं संध्याकाळपर्यंत मागच्या सीटवर पडून. नागपुरात फेब्रुवारीपर्यंत हे खपतं. मे मध्ये नाही खपत. मागच्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधीच एका संध्याकाळी दार उघडून बघतो तर पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेलं मोटर माउंट वाकलेलं, मोटरनं मान टाकलेली, आणि बाजूची तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, उशीसारखी फुगलेली. दोन्ही चुका माझ्याच, म्हणून आता जे करतो ते सगळं लिहितो.

आधी आकडे, कारण "गाडी जरा तापते" म्हणून आपण सोडून देतो. २०१८ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीवाल्यांनी गाड्या उन्हात आणि सावलीत उभ्या करून मोजलं होतं, तिकडचा उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच, कोरडा आणि चाळिशीच्या आसपासचा. एका तासात उन्हातल्या गाडीची आतली हवा सरासरी ४७ अंश, डॅशबोर्ड ६९. सावलीतली हवा ३८, डॅशबोर्ड ४८. आता हे आपल्या सामानाला लावून बघा. पीएलए ६० च्या आसपास मऊ पडतं, लिपोची वरची हद्द साधारण ६० आणि चार्जिंगची ४५, साध्या एलसीडीची ५० च्या आसपास. म्हणजे डॅशबोर्डवर ठेवलेलं काहीच वाचत नाही, आणि सीटवरचं वाचेल का, ते ऊन कुठून येतं त्यावर. काच दोन बोटं खाली ठेवली की भागतं असं सगळे सांगतात, त्यानं जवळपास काही फरक पडत नाही, उलट धूळ आत येते.

लिपो गाडीत ठेवायचीच नाही. बाकी सगळ्याला जुगाड आहे, याला नाही. डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात घेऊन जा, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी विचारलं तर उघडून दाखवा, एकदोनदा विचारतात मग ओळखतात. आणि दुसरं म्हणजे फुल चार्ज बॅटरी घेऊन दिवसभर फिरायचं नाही, कारण ४.२ व्होल्टवर असलेला सेल उष्णतेत सगळ्यात लवकर खराब होतो, ३.८ च्या आसपासचा बराच तग धरतो. म्हणून सकाळी जितक्या उडवणार तितक्याच चार्ज करायच्या, वारा सुटला आणि एखादी उरलीच तर विमान हातात घट्ट धरून, प्रोपेलर काढून नाही हं, प्रोपेलर लावूनच आणि तोंडापासून लांब, मोटर चालवून सेलमागे ३.८ वर आणायची. कंटाळवाणं काम आहे पण नवीन बॅटरीच्या किमतीपेक्षा बरं. आणि ती लिपो बॅग म्हणतात ना, ती आग लागल्यावर जरा आवरायला आहे, ऊन अडवायला नाही, काळ्या रंगाची असेल तर उलट तापते.

पार्किंगचं एक गणित आहे जे मला फार उशिरा कळलं. नऊ वाजता आपण कडुलिंबाखाली सावली बघून गाडी लावतो, ती सावली झाडाच्या पश्चिमेला असते, बारानंतर ती सरकून पूर्वेला जाते आणि आपली गाडी ऐन तीन वाजता भर उन्हात. म्हणून सकाळी जिथं ऊन आहे तिथं, झाडाच्या पूर्वेला लावायची, दोन तास कोवळं ऊन खाऊ द्यायचं. गाडीचं नाक पण पूर्वेला, म्हणजे पुढची मोठी काच दुपारनंतर उन्हातून सुटते. काचेच्या आतून लावायचा चंदेरी पडदा ठीक आहे, पण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं. मी जुनी पांढरी चादर बाहेरून टाकतो, टोकं दारांत दाबतो, वायपर वर ठेवतो. दिसायला लॉन्ड्रीचं दुकान दिसतं, दिसू दे.

गाडीत सामान ठेवायची सगळ्यात बरी जागा म्हणजे पुढच्या सीटसमोरची पाय ठेवायची जागा. डिकी पण चालते, पण सीएनजीवाल्यांना डिकी असते कुठे.

तिथं थर्माकोलचा डबा. मेडिकलवाल्याकडे मागा, इन्सुलिन, लसी त्यात येतात, सोबत जेल पॅक पण येतात आणि ते बहुतेक फेकूनच देतात. हा डबा थंड करत नाही, फक्त उष्णता आत जायला वेळ लावतो, हे लक्षात ठेवा, कारण रिकामा डबा चार वाजेपर्यंत गाडीइतकाच तापलेला असतो. म्हणून आत दोन लिटरच्या दोन बाटल्या पाणी. टाकीचं पाणी मे मध्ये सकाळीच कोमट असतं, माठातलं भरा. मी डीएस१८बी२० हे तापमान मोजायचे सेन्सर एक सीटवर आणि एक डब्यात टाकून बघितलं, दुपारी तीनला सीटवर ५७ आणि डब्यात ४१. फ्रीझरमधला जेल पॅक असेल तर अजून छान, पण तो वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि ट्रान्समीटर, रिसीव्हर सिलिका जेलच्या पुड्यांसकट झिपवाल्या पिशवीत बंद, नाहीतर पाणी सुटतं. घरी आल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला आली की मग. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर हे जास्तच पाळा. ट्रान्समीटरमध्ये १८६५० चे लिथियम सेल असतील तर ते काढून लिपोसोबत ऑफिसात.

एफपीव्ही गॉगलची, म्हणजे विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यासमोर दाखवणाऱ्या गॉगलची, गोष्ट वेगळी आहे. त्याची भिंगं उन्हाकडे तोंड करून राहिली तर लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो तेच आत स्क्रीनवर होतं, आणि त्याला पंचेचाळीस अंश लागत नाहीत, जानेवारीतही होतं. नेहमी झाकण लावून, भिंगं खाली करून.

गाडीत कायमचं काही बसवलं असेल, जसं ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा, नोंदी ठेवणारा लॉगर, तर सीटखाली बसवा, केस पीएलएची नको, एबीएस किंवा एएसए या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची करा, पॉवर बोर्डवर १०५ अंशवाले कपॅसिटर बघून घ्या. हॉट ग्लूवर काहीच टांगू नका. डॅशकॅम घेणार असाल तर सुपरकपॅसिटरवाला घ्या, लिथियम सेलवाला नको.

संध्याकाळी आल्यावर चारही दारं उघडून दोन मिनिटं गाडीला श्वास घेऊ द्या. स्क्रीन काळी पडली असेल तर घाबरू नका, गार झाली की बहुतेक वेळा परत येते, तोवर चालू करू नका. चुकून बॅटरी आत राहिलीच असेल तर तासभर घरात सावलीत पडू द्या, फ्रिजमध्ये घालू नका, हाताला गार लागल्याशिवाय चार्जरला लावू नका. आणि फुगलेली दिसली तर दाबून बघायचं नाही, टोचायचं नाही, मिठाच्या पाण्यात पण टाकायची नाही, वाळू भरलेल्या घमेल्यात घराबाहेर ठेवायची आणि ई-कचरावाल्याकडे द्यायची. माझी बारा दिवस गच्चीच्या जिन्याखाली घमेल्यात होती, आईनं तोवर त्या बाजूला वाळवणं टाकली नाहीत.